नाथसागराच्या काठावरून दाभोळच्या खाडीत

पैठण, सोमवार, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

रात्रभराचा प्रवास करून आज पहाटे घरी पोहोचलो. खांदे भरून आले आहेत, तळहातांवर वल्ह्याने उठलेले दोन फोड आहेत आणि पिशवीतल्या कपड्यांना अजून खाडीचा वास येतो आहे. कोकणात दाभोळच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, शिकायला गेलो होतो. झोपण्यापूर्वी तिथल्या शनिवार-रविवारचे सारे लिहून ठेवले पाहिजे, कारण शनिवारची चूक मला विसरायची नाही.

मी नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठी वाढलो. आमच्याकडे पाण्याची चौकशी टक्क्यांत होते. वरच्या भागात, नाशिककडे पाऊस झाला की धरण किती टक्के भरले हे चहाच्या टपरीवरही माहीत असते. हे पाणी चढायला महिने लागतात आणि उतरायलाही. मासेमारी करणाऱ्या काकांच्या होडीत मी वल्हवायला शिकलो, तेव्हा अडचण असायची ती वाऱ्याची; खालचे पाणी स्वतःहून कुठे निघाले आहे, असा विचार कधी करावा लागला नाही.

दाभोळला पाणी तिथीवर मोजतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे बंदरावरच्या एका वृद्ध तांडेलांनी, म्हणजे नावेच्या प्रमुखांनी, पहिल्याच सकाळी सांगितले. शनिवारी द्वितीया होती, म्हणजे भरती दुपारी दीड वाजता. पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्याने पाणी उधाणाचे होते. भरतीपासून ओहोटीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा शिकवण्यापुरता हिशेब आमच्या प्रशिक्षकांनी वाळूत रेघा ओढून दाखवला. निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत बाहेर जाते. मी तो हिशेब वहीत नीट उतरवून घेतला आणि दुपारी साडेतीनला, म्हणजे नेमक्या तिसऱ्या तासाच्या तोंडाशी, समोरच्या धोपाव्याच्या धक्क्यावर नजर ठेवून कयाक सरळ हाकली.

पहिली काही मिनिटे सारे ठीक वाटले. मग लक्षात आले की कयाकचे टोक धक्क्याकडेच आहे, पण धक्का मात्र डावीकडे सरकतो आहे. पाणी मला अंजनवेलच्या बाजूला, खाडीच्या मुखाकडे नेत होते. मी जोर वाढवला, आणि हीच माझी खरी चूक होती. माझा वेग ताशी पाच किलोमीटर धरला, तर एक किलोमीटर रुंदीचे पाणी ओलांडायला बारा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ताशी चार किलोमीटरचा प्रवाह आठशे मीटर बाजूला नेतो. हे गणित दंडाच्या बळावर सुटत नाही. मुखाजवळ बाहेर जाणारे पाणी आणि समुद्रावरून आत येणारा दुपारचा वारा एकमेकांसमोर आले होते, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या झाल्या होत्या. त्यांतल्या एकीने कयाक आडवी केली आणि मी उलटलो.

पाणी कोमट होते, अंगात जीवरक्षक जाकीट होते आणि प्रशिक्षक जवळच होते. त्यांनी माझ्या कयाकचे टोक स्वतःच्या कयाकवर ओढून घेऊन पाणी उपसले, ती सरळ केली आणि मला वर चढवले. या साऱ्याला पाचेक मिनिटे लागली असतील. तेवढ्यात आम्ही कितीतरी पुढे वाहून गेलो होतो. त्या क्षणी मला भीती वाटली होती, ते इथे स्पष्ट लिहितो.

रविवारी तृतीया. सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी झाली आणि दहानंतर आत येणारे पाणी जोरात होते. या वेळी धोपाव्याहून दाभोळकडे यायचे होते. प्रशिक्षकांनी टोक समुद्राकडे, येणाऱ्या पाण्याच्या बाजूला तिरके ठेवायला सांगितले. दाभोळच्या जुन्या मशिदीचा घुमट आणि त्यामागच्या टेकडीवरचे एक झाड एका रेषेत धरले. रेष मोडली की टोक थोडे वळवायचे, एवढेच काम. कयाक समुद्राकडे पाहत होती आणि सरकत होती दाभोळकडे. दंड दुखले नाहीत. मला यापेक्षा अधिक आनंद वल्हवण्यात कधी झालेला आठवत नाही.

परतताना गाडीत पैठणच्या जुन्या व्यापाराचा विचार येत राहिला. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात आपले पैठण आहे आणि मराठवाड्यातले तेरही आहे. पैठणचा माल गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदराला जाई, आणि तिथल्या भरतीचे वर्णन त्याच पुस्तकात आहे: लहान नावा उलटतात, मोठी जहाजे गाळात रुततात, म्हणून स्थानिक कोळी पुढे जाऊन परक्या जहाजांना भरतीच्या वेळेनुसार आत आणत. दाभोळच्या तांडेलांना भेटल्यानंतर तो मजकूर मला नव्याने कळला.

पुढच्या वेळी भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, अष्टमीच्या सुमारास जाणार आहे. आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. दिनदर्शिकेवर पेन्सिलने खूण केली आहे.