फ्लोरेन्स: चित्र कपाटात, आम्ही दारात

आधी कामाचं सांगते. मायकेलअँजेलोचं आई आणि बाळाचं खडूचं चित्र बघायला फ्लोरेन्सला निघणार असाल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी कासा बुओनारोत्ती या संग्रहालयाला एक मेल टाका आणि विचारा, ते चित्र त्या दिवसांत भिंतीवर असणार आहे का? मी विचारलं नाही. सांगली, मुंबई, दोहा, रोम, तिथून रेल्वेने फ्लोरेन्स, एवढं करून मी व्हिया गिबेलिनावरच्या ७० नंबरच्या दारात पोचले, काउंटरवरच्या बाईंना माझ्याकडची प्रत उलगडून दाखवली आणि त्यांनी हसून मान हलवली. नाही. कपाटात आहे.

चित्र माहीत नसेल तर थोडक्यात. साल १५२५च्या आसपासचं. कागद साधारण ५४ बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हाफ इम्पिरिअल मापाच्या ड्रॉइंग कागदाच्या जवळपास. आई म्हणजे मेरी, बाळ म्हणजे येशू. बाळ आईच्या अंगावर पितंय. ते काळ्या आणि तांबड्या खडूने, वर पांढऱ्याचे हात देऊन इतकं घोटलंय की दंडावर बोट टेकवून बघावंसं वाटतं. बाळ कसलं, तालमीतला पठ्ठ्याच. आईला मात्र बहुतेक ठिकाणी नुसती रेघ. आणि तिचं बाळाकडे लक्षच नाही, मान वळवून ती भलतीकडेच बघत बसली आहे. डोक्याभोवती आधी काढलेल्या आणि मग बदललेल्या रेघा तशाच दिसतात, खोडाखोडीच्या भानगडीत तो पडलेला नाही. मी गेली बावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना 'खोडरबर खिशात ठेवा' म्हणताना मला दरवेळी हेच चित्र आठवतं. त्यामुळे ए.टी.डी.ची (चित्रकला शिक्षकांच्या पदविकेच्या वेळची) मैत्रीण 'युरोपला जायचं का' म्हणाली तेव्हा मी एकच अट घातली. बाकी कुठेही ने, पण फ्लोरेन्सचे चार दिवस माझे.

निघण्याआधी मी एक उद्योग केला. चित्राची मूळ मापाची प्रत छापून घेतली आणि प्लास्टिकच्या नळकांड्यात घातली. मूळ चित्रासमोर ती धरून खडूचा दाब कुठे किती आहे ते ताडून बघायचं, असा बेत. ते नळकांडं चार विमानतळांवर उघडून दाखवावं लागलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, यापेक्षा लोणच्याची बरणी आणली असतीस तर उपयोग तरी झाला असता."

आता फसले कशी ते. आगाऊ तिकिटं विकणाऱ्या एका साइटवर हेच चित्र मोठं करून लावलं होतं. खाली मजकूर होता: मायकेलअँजेलोची मूळ चित्रं त्याच्याच घरात, रांगेत न थांबता प्रवेश, मार्गदर्शकासह. किंमत दारावरच्या तिकिटाच्या जवळजवळ तिप्पट. मी भरली. प्रत्यक्षात 'मार्गदर्शक' म्हणजे फोनवर आलेली ऑडिओची लिंक, आणि रांगेत आम्ही दोघी धरून चार माणसं. जिथे रांगच नाही तिथे रांग चुकवायचे पैसे मोजले. आणखी कहर म्हणजे हे संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तरी त्या साइटवर मंगळवारही निवडता येत होता! आमचं नशीब म्हणून आम्ही बुधवार घेतला. कासा बुओनारोत्तीचं तिकीट दारावर घ्या किंवा त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. मधल्या कुणालाही एक युरो देऊ नका.

'त्याच्याच घरात' हेही अर्धंच खरं. ही जागा त्याने १५०८ साली विकत घेतली. आज आपण बघतो ते नटवलेलं घर त्याच्या पुतण्याच्या मुलाचं, त्याचंही नाव मायकेलअँजेलोच. थोरल्याच्या नावाचं देवघर बांधावं तशा त्याने खोल्या सजवल्या. छतावर आर्तेमिझिया जेंतिलेस्कीने रंगवलेली एक बाई आहे. ती मुळात उघडी होती, पुढच्या पिढीला लाज वाटली म्हणून तिच्यावर कापड रंगवून घेतलं. मान दुखेपर्यंत बघा, पण मी त्यासाठी आले नव्हते.

चित्र कपाटात का, हे काउंटरवरच्या बाईंनी समजावलं आणि मला माझीच लाज वाटली. कागदावरचं काम उजेडात टिकत नाही. म्हणून ते लावलं तरी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच्या अंधुक उजेडात, तेही काही महिनेच, आणि मग पुढची काही वर्षं अंधारात विश्रांती. त्यांच्याकडे त्याचे दोनशेहून जास्त कागद आहेत, एका वेळी थोडेच बाहेर येतात. आमच्या वर्गात खिडकीजवळ लावलेला तक्ता जूनमध्ये लाल असतो आणि मार्चपर्यंत गुलाबी होतो, हे मी दरवर्षी बघते. तरी हा विचार डोक्यात आला नाही. पाचशे वर्षांचा कागद माझ्यासाठी ट्यूबलाइटखाली टांगून ठेवलेला असेल असं मी कसं धरून चालले, देव जाणे.

आणखी एक चटका. २०१३ साली हे चित्र अमेरिकेत बोस्टनला पाठवलं होतं. माझा मावसभाऊ बोस्टनला राहतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "हो गं, गेलो होतो बहुतेक. पोरं लहान होती, पार्किंग मिळत नव्हतं." चित्र आठवतंय का? नाही.

वैतागून वर गेले. आणि तिथे जे झालं त्यासाठी तिप्पट पैसेही मी कदाचित माफ करीन. कदाचित.

वरच्या खोलीत संगमरवरात कोरलेली 'जिन्याजवळची माता' आहे. ती साधारण १४९०ची, म्हणजे तेव्हा हा पंधरा वर्षांचा. आमच्या इंटरमिजिएटच्या वयाचा! उठाव इतका चपटा की बाजूने बघितलं तर पाटीवर साय धरल्यासारखा वाटतो. आई एका बाजूला तोंड करून बसली आहे, पदराआड बाळ पितंय, बाळाची आपल्याकडे पाठ, आणि एक हात मागे मुरडलेला. पाठ बघितली आणि मी थांबले. हीच पाठ माझ्या नळकांड्यात होती. पहारेकऱ्याकडे बघून खुणेने विचारलं, तो खांदे उडवून दुसरीकडे वळला. मैत्रिणीने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि लांबूनच दगडाच्या शेजारी कागद धरला. माप जवळजवळ सारखं! दगड ५६.७ बाय ४०.१, कागद ५४.१ बाय ३९.६. मधे पस्तीस वर्षं गेली, पण बाळ तसंच पाठमोरं, तसंच दांडगं, आणि आई तशीच दुसरीकडे बघणारी. पंधराव्या वर्षी त्याने तिला बाजूने दाखवून भागवलं. पन्नाशीत कागदावर तिची मान त्याला सापडेना, रेघा त्यामुळे गोंधळलेल्या. प्रत समोर धरली नसती तर हे मला कळलं नसतं, तेव्हा माझा सल्ला असा: मूळ मापाची प्रत न्या. नळकांडं कार्डबोर्डचं घ्या, प्लास्टिकचं तपासणीत फार वाजतं.

त्याची आई तो सहा वर्षांचा असताना, १४८१ साली वारली. त्याआधी तान्हेपणी त्याला सेत्तिन्यानो गावात दाईकडे ठेवला होता. ती पाथरवटांच्या घरातली. तिच्या दुधाबरोबरच हातोडा-छिन्नी अंगात आली, असं तो पुढे थट्टेने म्हणायचा. यावरून त्याच्या मनाचं शवविच्छेदन करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की आपल्याकडच्या कॅलेंडरवर यशोदा कृष्णाकडे बघते, आणि याने घडवलेली मेरी बाळाकडे कधी बघत नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे तिला आधीच माहीत असतं, असा भाविकांचा अर्थ आहे, आणि प्रार्थनेसाठी केलेल्या चित्रात तो पटतोही. पण हे चित्र त्याने कुणासाठी काढलं आणि अर्धं का सोडलं, याचा शब्द कुठे नाही. सेत्तिन्यानोला आम्ही एक दिवस जाऊन आलो. छान होतं.

तिसरी आई, हीही दगडातली, सान लोरेन्झो चर्चमध्ये, फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या थडग्यांच्या खोलीत. व्हिया गिबेलिनावरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. हे काम त्याने १५२०च्या दशकात, म्हणजे आपल्या चित्राच्याच काळात चालवलं होतं, आणि १५३४ साली शहर सोडलं ते परत न येण्यासाठी. बाळ आईच्या मांडीवर स्वार होऊन, सगळं अंग पिळवटून मागे वळून दूध शोधतंय. ती खाली कुठेतरी, आपल्या पलीकडे बघते. खोलीतली सगळी गर्दी दोन्ही बाजूंच्या दिवस-रात्र आणि पहाट-संध्याकाळच्या पुतळ्यांपुढे फोटो काढत असते आणि तिच्याकडे पाठ करून उभी असते. वेदीच्या समोरच्या भिंतीकडे तोंड करा, ती तिथे मधोमध आहे. शेजारचे दोन संत त्याच्या मदतनिसांनी केलेत, ते बघताक्षणी कळतं. या खोलीला दीड तास द्या. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका, दाराशी घाम फुटतो. (कासा बुओनारोत्ती सरकारी नाही, तिथे ही सवलत नाही.)

या खोलीखाली एक तळघर आहे. १५३० साली जीव वाचवायला तो तिथे लपला होता असं मानतात. १९७५ साली चुन्याखाली कोळशाची रेखाटनं सापडली. त्यातली त्याच्या हातची किती, यावर अजून वाद आहे. नोव्हेंबर २०२३ पासून ते बघता येतं, पण एका वेळी चार जण, पंधरा मिनिटं. आम्हाला तिकीट मिळालं नाही. मिळालं तर घ्या, त्याच्या भरवशावर प्रवास मात्र आखू नका. तिथेही कारण उजेडाचंच.

आता स्टेशनवरून खोलीपर्यंतची वाट. सांता मारिया नोव्हेला स्टेशनवरून आमची खोली सांता क्रोचे चर्चजवळ, नकाशात पावणेदोन किलोमीटर. 'टॅक्सी कशाला, चालूया' असं मीच म्हणाले. जुन्या शहराचा रस्ता म्हणजे मोठमोठ्या दगडी फरशा, मधे सांधे, पदपथ एका माणसापुरता, समोरून आईस्क्रीम खात येणारी माणसं. बाराशे पावलांवर माझ्या ट्रॉलीचं चाक गेलं. उरलेला रस्ता मी तेवीस किलो, वर ते नळकांडं, हातात धरून चालले. त्या वाटेवर शहराचा मोठा घुमट दिसतो म्हणे. मला फरशा दिसल्या. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात माझा जो त्रागा झाला, त्यातला निम्मा या उजव्या खांद्याचा होता, हे प्रामाणिकपणे कबूल करते. तेव्हा चाकांची बॅग नकोच, पाठीवरची सॅक घ्या. चाकं असतीलच तर मुकाट टॅक्सी करा. विमानाने थेट फ्लोरेन्सच्या पेरेतोला विमानतळावर उतरणाऱ्यांनी टी-२ ट्राम धरावी, विमानतळाच्या दारातून निघते आणि अगदी स्वस्त पडते.

पैशांचं आणखी थोडं. कॉफी उभ्याने प्या, बसलात की तीच कॉफी महाग. जेवणाच्या बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी रक्कम येते, ती फसवणूक नाही, तिथली रीत आहे, भांडू नका (मी भांडले). खोलीच्या भाड्यावर शहराचा कर माणशी, रात्रीमागे वेगळा भरावा लागतो. उफिझी या मोठ्या चित्रसंग्रहालयात पूर्ण दिवस घालवला, पाय सोडले तर तक्रार नाही.

परत आल्यावर त्या तिकीटवाल्या साइटला तक्रार लिहिली. उत्तर आलं: आम्ही 'मूळ चित्रं' म्हटलं होतं, आणि त्या दिवशी मूळ चित्रं होती. हे मात्र खरं. खालच्या खोलीत त्याचे दोन कागद लावले होते, फ्लोरेन्सच्या तटबंदीचे, १५२८-२९ च्या सुमाराचे. वेढा पडणार म्हणून शहराने त्यालाच बुरूज आखायला बसवला होता. खेकड्याच्या नांग्यांसारखे ते बुरूज, त्यांतून सुटणाऱ्या तोफांच्या माऱ्याच्या रेघा. चिडलेली नसते तर मी त्यांच्यापुढे तासभर थांबले असते. पैसे परत मिळाले नाहीत.

मग शहाणपण सुचलं आणि संग्रहालयाला मेल टाकला. तीन दिवसांत उत्तर आलं, नम्र आणि मुद्द्याचं. निघण्याआधी टाकला असता तर हा सगळा मजकूर लिहावा लागला नसता. मेल इंग्रजीत चालतो. निघायच्या दोन-तीन महिने आधी टाका, तुमच्या तारखा लिहा, आणि 'आई आणि बाळाचं चित्र' एवढंच लिहून थांबू नका, त्यांच्याकडे तशी बरीच आहेत. त्यांच्या वहीतला क्रमांक लिहा: ७१ एफ.