चांगलं सांग, पण झोप येईल असं नको

पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं काम आहे. जमलं तर कुणाला तुमची आठवण होत नाही आणि फसलं तर पुढच्या प्रत्येक लग्नामुंजीत ऐकून घ्यावं लागतं. तरी आमच्या घरात हे खातं माझ्याकडेच आहे. कुणाचा लांबचा प्रवास निघाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणी नुकतंच निवृत्त झालं, की फोन येतो. "काहीतरी अभिजात सांग गं. नुसता टाइमपास नको. पण झोप येईल असलंही नको."

म्हणजे अभिजात असलं की झोप येणारच, हे धरूनच चाललेलं. यात त्या बिचाऱ्यांची चूक नाही. शाळेत आपली आणि या पुस्तकांची ओळख होते ती 'संदर्भासह स्पष्टीकरण' आणि 'स्वभावचित्र रेखाटा' यांच्या मार्फत. चार गुणांसाठी ज्या माणसाचं स्वभावचित्र रेखाटलं, त्याचं पुढे काय होतं याची उत्सुकता कशाला राहील?

खरं तर यातल्या बऱ्याच कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या तेव्हा त्यांच्याकडून एकच अपेक्षा होती, पुढचा अंक खपला पाहिजे. अलेक्झांडर द्युमाची 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' १८४४ ते १८४६ या काळात पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः येत होती. दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' १८६६ साली मासिकातून आली. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकात. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच वाचकांपर्यंत गेली. त्या साप्ताहिकाचं नावच मुळी 'करमणूक'. आणि त्यात छापलेल्या कादंबरीवर आपण पोरांना 'लेखकाची सामाजिक जाणीव सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न घालतो.

म्हणून मी सुचवताना एक पथ्य पाळते. पुस्तक थोर आहे, जागतिक आहे, त्याशिवाय आयुष्य अपुरं आहे, यातलं काहीही बोलायचं नाही. माणूस कुठल्या पेचात सापडलाय तेवढं सांगायचं आणि ऐन मोक्याला गप्प बसायचं.

'माँटे क्रिस्टो'च्या बाबतीत हे फार सोपं जातं. एकोणीस वर्षांचा एदमों दांतेस. मार्सेच्या बंदरात जहाज घेऊन आलाय, कप्तान व्हायच्या बेतात आहे, मेर्सेदेसशी लग्न ठरलंय. त्याच समारंभातून, भरल्या पानावरून त्याला उचलतात. का, ते त्याला माहीत नाही. आपल्याला मात्र माहीत असतं, कारण एका खानावळीच्या मांडवात बसून तिघांनी ते निनावी पत्र कसं रचलं ते द्युमाने आपल्याला शेजारच्या टेबलावर बसवून दाखवलेलं असतं. दांतेस समुद्रातल्या शातो दिफच्या किल्ल्यात पडतो, आणि पडतो तो चौदा वर्षं.

बहुतेक लोक ही सूडाची कादंबरी म्हणून ओळखतात, आणि आहेच ती. पण मला विचाराल तर तिचा सगळ्यात थरारक भाग सूड सुरू होण्याच्या कितीतरी आधी, अंधारकोठडीत नुसत्या बोलण्यात घडतो. शेजारच्या कोठडीत आबे फारिया नावाचा म्हातारा पाद्री कैदी आहे. सुटकेसाठी वर्षानुवर्षं भुयार खणत तो समुद्राकडे निघालेला असतो, आणि हिशेब चुकून निघतो दांतेसच्या कोठडीत. माशाच्या डोक्यातल्या कुर्च्यांचे टाक, काजळी आणि रविवारी मिळणारी वाइन यांची शाई, अंगातल्या सदऱ्याच्या कापडाचे कागद, असा त्याचा संसार. तो दांतेसची हकीकत ऐकून घेतो आणि एकेक प्रश्न विचारायला लागतो. तू कप्तान झाला नाहीस तर फायदा कुणाचा? तुझं लग्न मोडलं तर कुणाचा? पत्रातलं अक्षर कसं होतं? उलट्या बाजूला कललेलं? फारिया टाक डाव्या हातात घेतो आणि दोन ओळी लिहून दाखवतो. दांतेस मागे सरकतो. हुबेहूब तेच अक्षर! डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं सगळ्यांची सारखीच दिसतात, म्हातारा म्हणतो. कोठडीतून पाऊलही बाहेर न टाकता त्याने गुन्ह्याचा छडा लावलेला असतो. आणि लगेच त्याला पश्चात्ताप होतो, कारण या पोराच्या मनात आजवर नव्हती ती गोष्ट आपण घातली, हे त्याला कळून चुकतं.

इथे गोव्याच्या वाचकांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही. कादंबरीतला फारिया इटालियन आहे, पण नाव द्युमाने उचललं ते खऱ्याखुऱ्या आबे फारियाचं, आणि तो गोव्याचा. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला, १८१९ मध्ये पॅरिसला वारलेला, संमोहनविद्येतलं मोठं नाव. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, पुढ्यात कलंडत चाललेल्या बाईवर दोन्ही हात रोखलेला. त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की जगातल्या एका अफाट खपाच्या कादंबरीचं बिंग याच नावाच्या माणसाने फोडलंय! गोव्यात त्याची आणखी एक गोष्ट सांगतात. पोर्तुगालमध्ये राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने हळूच कोंकणीत सांगितलं, "कातर रे भाजी." समोर बसलीय ती सगळी भाजी समज, आणि चिरत सुट. आख्यायिका असेल. पण भाषणाची इतकी चांगली शिकवणी मी दुसरी ऐकलेली नाही.

तर फारिया मरतो. त्याचं प्रेत पोत्यात घालून शिवून ठेवतात. दांतेस ते प्रेत आपल्या कोठडीत ओढून नेतो, स्वतः पोत्यात शिरतो आणि आतून शिवून घेतो. त्याचा बेत साधा आहे. हे लोक पुरतील, वरची माती भुसभुशीत असेल, रात्री उकरून बाहेर यायचं. दोघे जण पोतं उचलतात. बाहेरचा गार वारा त्याला लागतो. लाटांचा आवाज जवळ येत जातो. मग कुणीतरी त्याच्या पायांना काहीतरी जड बांधतं.

इथे मी थांबते. आजवर या ठिकाणी "पुढे?" असं न विचारणारा माणूस मला भेटलेला नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर शिव्या नकोत. सुटकेनंतर कादंबरी एकदम रोमला जाते. दोन नवीनच फ्रेंच पोरं, कार्निव्हल, दरोडेखोर. आपला दांतेस कुठे गेला तेच कळत नाही. निम्मे वाचक इथे गळतात. तेवढा टप्पा दम धरून काढा, पुढे पॅरिसमध्ये एकेक हिशेब चुकता व्हायला लागला की हातातलं पुस्तक सुटत नाही. आणि कृपा करून दीडशे पानांची संक्षिप्त आवृत्ती वाचू नका. ज्या सूडाला बाराशे पानं लागतात तो दीडशे पानांत उरकला तर नुसती मारामारी उरते. वाट पाहायला लावणं हीच द्युमाची करामत आहे, आणि संक्षेप करणारा नेमकी तीच कापतो.

'क्राइम अँड पनिशमेंट'चा मामला वेगळाच. नाव ऐकूनच लोक बिचकतात. रशियन, जाडजूड, एकेका माणसाला तीन तीन नावं. नावांचा त्रास आहे, नाही म्हणत नाही. पण ज्यांना पोलिसी मालिका बघायची सवय आहे त्यांना मी हीच देते. खून कुणी केला हे शोधायचंच नाहीये. सहा भागांतल्या पहिल्याच भागात तो आपल्यादेखत होतो. रास्कोल्निकोव्हने आपल्या खोलीपासून सावकार म्हातारीच्या घरापर्यंतची पावलं मोजून ठेवलेली आहेत, सातशे तीस. कोटाच्या आत कुऱ्हाड अडकवायला फास शिवलाय. गहाण ठेवायची वस्तू म्हणून लाकडाचा आणि लोखंडाचा तुकडा कागदात गुंडाळून त्याला सुतळीची अशी गाठ मारलीय, की म्हातारी ती सोडवण्यात गुंतून राहावी. एवढी तयारी, आणि तरी काहीच ठरल्याप्रमाणे होत नाही.

खून झाल्यावर तो आत असताना जिन्यावर पावलं वाजतात. कुणीतरी घंटा ओढतं. मग दार गदागदा हलवायला लागतं. आतली कडी आकड्यात नुसती नाचतेय, आता निघेल की मग. अलीकडे हा, हातात कुऱ्हाड. पलीकडे ते दोघे, दार आतून लावलंय म्हणजे आत कुणीतरी असणारच, असा तर्क लढवतायत. मधे एक फळी. त्या दोन-तीन पानांत वाचणारा भलामाणूस मनापासून काय इच्छितो? हा सुटावा! ज्याने आत्ता आपल्यासमोर दोन बायका मारल्या, तो. माझ्या नणंदेने हे प्रकरण गॅसजवळ उभ्याने वाचलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. वरणाचा लगदा झाला. वरणाबद्दल तिला काही वाटलं नाही. आपण खुन्याच्या बाजूने होतो, याने ती दोन दिवस अस्वस्थ होती. पुढची सगळी कादंबरी त्या अस्वस्थतेवरच चालते. पोर्फिरी नावाचा तपास अधिकारी सिगारेट ओढत, हसत, गप्पा मारत मारत रास्कोल्निकोव्हला जे सोलत जातो, ते वाचल्यावर हल्लीच्या मालिकांतली टेबलावर मुठी आपटणारी चौकशी पोरकट वाटते.

ज्यांना जाडी बघूनच धडकी भरते त्यांच्यासाठी आपलं मराठीतलंच 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी १९३९ सालची, म्हणजे महायुद्धाच्या तोंडावरची, आणि एका दुपारी संपेल एवढीच. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. त्याची आणि हॅर्टा नावाच्या ज्यू मुलीची ओळख होते. त्याला मुंबईला उतरायचंय. तिला कोणताच देश घ्यायला तयार नाही. बोट रोज थोडी थोडी मुंबईच्या जवळ येतेय.

बस, एवढंच. पाठलाग नाही, खून नाही. पण प्रत्येक पानागणिक प्रवास कमी होतोय हे वाचणाऱ्याला जाणवत राहतं, आणि पानं सावकाश उलटावीशी वाटतात. उत्कंठेचा हाही एक प्रकार, यात पुढे काय होणार ते कळायला नको असतं. शंभरेक पानांत बेडेकरांनी जे साधलंय ते पाहून जाड कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचा मला कधीकधी राग येतो.

बाकीच्यांबद्दल भराभर सांगते. 'मूनस्टोन'मधला हिरा १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला, आणि त्याच्या मागावर तिघे ब्राह्मण थेट इंग्लंडात पोचलेले. हिऱ्याच्या चोरीची हकीकत एकेक जण आपापल्या परीने सांगतो. त्यातला म्हातारा कारभारी बेटरेज अडचण आली की 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून कौल लावतो. एवढ्यासाठीसुद्धा वाचावी. 'ड्रॅक्युला' (१८९७) सिनेमांनी इतकी उष्टावलीय, की मूळ पुस्तक नुसत्या रोजनिशा, पत्रं आणि तारा यांचं बनलंय हे ऐकून लोक चकित होतात. सुरुवातीचा किल्ल्यातला भाग रात्री एकट्याने वाचू नका. डॅफ्ने द्यु मॉरिएची 'रिबेका' (१९३८) सासरी नव्या आलेल्या बाईने जरूर वाचावी. घरात मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव उठताबसता, आणि जी गोष्ट सांगतेय तिचं नाव शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही.

काही पुस्तकं मात्र थोर असूनही मी पहिल्या फटक्यात कुणाला देत नाही. 'मोबी डिक'मध्ये देवमाशांचं वर्गीकरण सुरू झालं की चांगले चांगले हात टेकतात. 'ले मिझेराब्ल' देते, पण लेखी परवान्यासकट: वॉटर्लूची लढाई आणि पॅरिसच्या गटारांचा इतिहास सोडून पुढे गेलात तरी चालेल, ह्यूगो काही उठून येणार नाही. झां वाल्झां आणि त्याच्या मागावरचा झावेर एवढ्यांचा हात धरून ठेवा. आणि कुठलंही जुनं पुस्तक घ्या, प्रस्तावना शेवटी वाचा. प्रस्तावनाकार मंडळी विद्वान असतात. सगळ्यांनी आधी वाचलेलंच आहे असं समजून ती पहिल्याच पानावर नायिकेला विहिरीत ढकलून मोकळी होतात.

'माँटे क्रिस्टो' अख्खी संपवलेले लोक एक नवीनच डोकेदुखी घेऊन येतात. "आता असंच दुसरं सांग." असंच दुसरं नाही. पण जाडजूड पुस्तकाची भीड एकदा चेपलेली असते, तिचा फायदा घेऊन मी श्री. ना. पेंडश्यांचे 'तुंबाडचे खोत' पुढे करते. दोन खंड, खेडकडची जगबुडी नदी, खोतांच्या चार पिढ्या, आणि त्यांचा माज, भाऊबंदकी, उतरती कळा. 'तुंबाड' सिनेमा बघून आलेल्यांना आधीच बजावते, की त्यातला तो राक्षसी हस्तर यात येत नाही. गावातल्या वाड्यात काय चाललंय ते शेजाऱ्याच्या ओटीवर बसून ऐकावं तसं पेंडसे सांगत जातात आणि रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही. फक्त एक करा, वाचायला बसताना कोरा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. कोण कुणाचा चुलता हे पहिल्या खंडातच लिहून ठेवलं नाही, तर दुसऱ्यात हाल होतात.