चोच पडते, पण दाणा हुकतो

दिवेलागणीला कोंबडी बादलीवर धडकली, तर आधी घड्याळ बघा. निरोगी कोंबडीलाही कातरवेळेनंतर फारसं दिसत नाही. तिचा डोळा भर उजेडासाठी घडलेला असतो, म्हणून तर ती अंधार पडायच्या आत आपली आपण खुराड्यात शिरते. नजर तपासायची ती सकाळी, चांगल्या उजेडात.

खरंच दिसेनासं झालं असेल तर दाणा टिपताना कळतं. चोच दाण्याच्या अर्धा इंच इकडे-तिकडे पडते. कोंबडी मान तिरकी करून एकाच बाजूने बघते, काठीवरून उतरायला कचरते, कोपरा धरून उभी राहते. संध्याकाळी पोटाळं, म्हणजे मानेच्या बुडाशी असलेली दाण्याची पिशवी, चाचपलं तर रिकामं लागतं. आणि ज्या अर्थी बाकीच्या कोंबड्या तिच्या डोक्यावर चोची मारायला लागल्या आहेत, त्या अर्थी त्यांना ही गोष्ट तुमच्या आधी कळलेली असते.

‘काल चांगली होती, आज आंधळी झाली’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. कोंबडीचे डोळे दोन बाजूंना. एक गेला तरी ती मान फिरवून फिरवून कैक आठवडे निभावून नेते आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा अधू झाला की एका रात्रीत सगळं कोसळल्यासारखं वाटतं. म्हणून पहिला प्रश्न औषधाचा नाही. एक डोळा की दोन्ही? एक कोंबडी की सगळ्या?

एकेक डोळा तपासायला कापसाचा बोळा पुरतो. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्या डोळ्यासमोर फूटभर अंतरावरून बोळा खाली सोडा. दिसत असेल तर डोकं बोळ्यामागोमाग हलतं. हात हलवून बघू नका. हाताचा वारा लागला तरी आंधळी कोंबडी दचकते आणि आपण समाधानाने घरात जातो. टॉर्चने बाहुली लहान-मोठी होते का बघा, पण एवढ्यावर निकाल देऊ नका. पक्ष्यांची बाहुली त्यांच्या ताब्यातल्या स्नायूंनी हलते, घाबरलेल्या कोंबडीत ती उजेडाशिवायही हलते.

आता कोंबडी पंचात गुंडाळा, पंख आत, डोकं बाहेर, आणि टॉर्च समोरून नाही, बाजूने धरा. आधी पापणी. ती सुजून किंवा चिकटून बंद असेल, तर आतला डोळा शाबूत असायची बरीच शक्यता असते. पापणी उघडी असेल तर पांढरेपणा नेमका कुठे आहे ते बघा. पृष्ठभागावर, काचेवर वाफ धरल्यासारखा धुरकटपणा असेल तर तो पारपटलाचा, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा: अमोनिया, मार, ओरखडा. पृष्ठभाग लख्ख आणि पांढरं टिंब खोल बाहुलीत असेल तर मोतीबिंदू. बाहुलीभोवतीचं नारिंगी-तपकिरी कडं राखाडी पडलं असेल आणि बाहुलीची कड गोल न राहता कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर मरेक्स हा विषाणूचा रोग. कडकनाथाच्या गडद डोळ्यात हे कडं नीट दिसत नाही, तिथे टॉर्च आणखी आडवा धरावा लागतो. या तीन थरांतला फरक कळला की निम्मं काम झालं, कारण पहिल्यावर उपाय आहे आणि बाकीच्या दोन्हींना तर उपायच नाही.

मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो अमोनियाचा. विष्ठेतल्या युरिक आम्लावर जंतू काम करतात, त्याला ओल आणि ऊब लागते, आणि इथल्या जुलैत दोन्हींची ददात नाही. ओळखायची खूण अशी की एक नाही, खुराड्यातल्या बऱ्याच जणींचे डोळे एकदम बिघडतात, आणि प्रत्येकीचे दोन्ही. डोळे मिटून बसतात, पंखावर डोकं घासतात, उजेड सहन होत नाही. सगळ्यात वाईट हाल रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीचे. तिचं नाक-डोळे दिवसभर जमिनीलगत असतात.

२५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर हा वायू कोंबड्यांना बाधतो. मोजायचं यंत्र घरी नसतं. नाक असतं, पण ते दगा देतं: रोज खुराडं उघडणाऱ्याला वासाची सवय होते. शेजाऱ्याला बोलवा. किंवा सकाळी दार उघडल्या उघडल्या गुडघे टेकून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर मिनिटभर श्वास घ्या. आपले डोळे चुरचुरले तर तिने तिथे रात्रभर काय काढलं ते समजतं. मग मूठभर अंथरूण उचलून दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते ओलं आहे. भुगा सुटा पडला तर ठीक.

इथे घरोघरी एक चूक होते. ओल दिसली की चुना नाहीतर चुलीची राख पसरतात. दोन्ही अल्कधर्मी. विष्ठेत अडकून बसलेला अमोनिया त्यांनी उलट भसकन बाहेर येतो, आणि चुन्याची धूळ डोळ्यांना भाजते ती वेगळीच. त्याहून वाईट म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात ती गल्लीगल्लीत हाताशी असते, पण विष्ठेवर टाकली तर अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. आधी सगळं अंथरूण काढा, फरशी खरवडा, धुऊन पूर्ण कोरडी करा, मग काय ते जंतुनाशक.

नवं अंथरूण ३-४ इंच, भाताचा तूस किंवा सुताराच्या रंध्याखालच्या सालपटी. प्लायवूड-एमडीएफचा बारीक भुसा नको, ती धूळच डोळ्यात जाते. बुरशी धरलेला पेंढाही नको. त्या बुरशीनेही डोळ्यात पिवळट खपली धरते. पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवा, सांडणारं पाणी हेच ओलीचं मूळ असतं. आणि ती निळी ताडपत्री! पाऊस आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी आवळून बांधली की खुराड्याचा गॅस चेंबर होतो. छपराखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर फट उघडी ठेवा, वर पत्र्याची पुढे आलेली झड ठेवा. वारा वरून जायला हवा, कोंबडीच्या अंगावरून नाही. हवा सुधारली की हलका धुरकटपणा हळूहळू जातो, जास्त झालं असेल तर महिना किंवा त्याहून अधिक लागतो. जखम खोल गेली असेल तर डाग कायमचा.

पापणीच्या भानगडींत पहिली देवी. डास हा विषाणू पसरवतात, त्यामुळे पाऊस ओसरताना तुऱ्यावर, चोचीच्या कडेला आणि पापण्यांवर चामखिळीसारखे फोड येऊन त्यांच्या खपल्या होतात. खपल्या उचकटू नका. रक्त येतं आणि त्या खपल्यांतच विषाणू असतो. सलाईनने भिजवून मऊ ठेवा. दोन ते चार आठवड्यांत त्या आपसूक गळतात. फक्त कातडीवर उठणाऱ्या या कोरड्या देवीत कोंबडी बहुधा देवीने मरत नाही, दिसत नाही म्हणून उपाशी मरते. लस पंखाच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात, साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात. ७-१० दिवसांनी तिथे गाठ किंवा खपली दिसली तर लागू पडली.

चेहरा एका बाजूने फुगला, नाकातून घाण वासाचा चिकट स्राव आला तर कोरायझा. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसला तर मायकोप्लाझ्मा. दोन्हींना प्रतिजैविक लागतं, ते डॉक्टरांनी ठरवावं, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही त्याच वेळी विचारून घ्यावं. एक गोष्ट मात्र आपल्या हातातली: औषध पाण्यात मिसळून दिलं आणि कोंबडीला पाणीच दिसत नसेल, तर मात्रा पोटात जाते कुठे? अशा कोंबडीला औषध हातानेच द्यावं लागतं. राणीखेत रोगावरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात घातल्यानंतर काही दिवस हलकं पाणी येणं मात्र नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. लस हाताळल्यावर स्वतःचे डोळे चोळू नका. त्या विषाणूने माणसाचेही डोळे येतात.

पापण्यांखाली पनीरसारखा पांढरा थर जमला असेल तर चोच उघडून घसा बघा. तिथे बारीक पांढरे दाणे दिसले की अ जीवनसत्त्वाची कमतरता धरायला हरकत नाही. शिळा भात, कणी आणि पाव यांवर वाढलेल्या कोंबड्यांत हे हमखास. यकृतातला साठा संपायला महिने लागतात, म्हणून हेही ‘अचानक’ वाटतं. रोज ११०-१२० ग्रॅम लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), जोडीला शेवग्याचा पाला आणि पिवळा मका. पांढऱ्या मक्याचा इथे उपयोग नाही. जीवनसत्त्वाचं औषध लेबलवरच्या मात्रेपलीकडे देऊ नका, हे जास्त झालं तरी बाधतं. मॅश घालूनही फरक पडत नसेल तर गोणी किती जुनी आहे बघा. चार कोंबड्या दिवसाला अर्धा किलोच्या आत खातात. ५० किलोची गोणी त्यांना साडेतीन महिने पुरते, आणि इथल्या दमट उकाड्यात तेवढ्यात तिच्यातलं अ जीवनसत्त्व बरंच उडालेलं असतं. तिघा-चौघांत मिळून एक गोणी घ्या.

एक कारण फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही: डोळ्यातला कृमी. सुरीनाम जातीचं झुरळ कुंडीच्या मातीत, ओल्या अंथरुणाखाली राहतं. कोंबडी ते खाते, अळ्या घशातून तोंडात आणि तिथून अश्रुनलिकेने डोळ्यात चढतात. कोंबडी सारखी नखाने डोळा खाजवते, तिसरी पापणी, म्हणजे डोळ्यावरून आडवा सरकणारा पातळ पडदा, लवलवत राहते. ती पापणी हळूच बाजूला केली तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पांढरा दोरा वळवळताना दिसतो. काढायचं काम डॉक्टरांचं, बधिर करणारे थेंब घालून चिमट्याने. आपलं काम कुंड्या खुराड्यापासून लांब नेण्याचं.

मरेक्सबद्दल थोडक्यात, कारण करण्यासारखं थोडंच आहे. साधारण तीन-चार महिन्यांच्या तलंगांपासून पुढे दिसतो, कधी जोडीला एक पाय पुढे एक मागे पडतो. इलाज नाही. लस पिल्लू अंड्यातून निघाल्याच्या पहिल्या दिवशीच द्यायची असते आणि एका बाटलीत शेकड्याने मात्रा असतात, त्यामुळे घरी चार पिल्लांना देणं जमण्यातलं नाही; पिल्लं घेताना मरेक्सची लस झाली आहे का हेच विचारायचं. रस्त्यावर टोपलीत रंगवलेली पिल्लं विकणाऱ्याकडे याचं उत्तर नसतं. मोतीबिंदू कधी लहानपणीच्या मेंदूज्वराच्या साथीतून वाचलेल्या पिल्लांत पुढे दिसतो. त्यालाही औषध नाही. मांजराच्या भीतीने खुराड्यात रात्रभर दिवा ठेवणाऱ्यांनी मात्र तो मालवावा. चोवीस तास उजेडात वाढलेल्या पिल्लांचे डोळे फुगतात, आतला दाब वाढतो, नजर जाते. रोज ठरल्या वेळी किमान ४ तास पूर्ण अंधार हवा. मांजरासाठी जाळी आणि कडी.

एकच डोळा, एकच कोंबडी आणि पापणीजवळ ओरखडा असेल तर कावळा, मांजर किंवा दुसऱ्या कोंबडीची चोच. ०.९ टक्के नॉर्मल सलाईनची बाटली औषधाच्या दुकानात मिळते. कोमट करून दिवसातून दोन-तीन वेळा धार सोडा, नाकाकडून बाहेरच्या बाजूला. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नका. घरात पडलेले माणसांचे थेंब घालायचा मोह आवरा. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काहीही असेल तर ते स्टेरॉइड. पारपटलावर जखम असताना घातलं तर डोळा फुटू शकतो. क्लोरॅम्फेनिकॉलही नको, ही अंडी आपल्याच घरात खाल्ली जातात. जखम आहे की नाही हे डॉक्टर फ्लुओरेसिनचा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, जखम हिरवी चमकते.

त्यासाठी मुंबईत परळ. बाई साकरबाईंचं जनावरांचं हॉस्पिटल आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही तिथेच. भोकं पाडलेल्या खोक्यातून न्या. सोबत खाद्याची मूठभर पुडी, लशींच्या तारखा आणि विष्ठेचा फोटो. पण एकाहून जास्त कोंबड्या पटापट मेल्या असतील, चेहरे सुजून तुरे निळे-काळे पडले असतील, तर रिक्षात घालून कुठेही नेऊ नका. हात न लावता १९६२ वर पशुसंवर्धन खात्याला कळवा. २०२१ च्या जानेवारीत मुंबई-ठाण्यातल्या मेलेल्या पक्ष्यांत बर्ड फ्लू सापडला होता.

नजर परत येणार नसेल तरी कोंबडी जगते, अंडीही देते. जाळी लावून तिची जागा वेगळी करा, पण बाकीच्यांचा आवाज येईल अशी; दाणा टिपायला शांतता हवी आणि सोबतही. काठी जमिनीपासून अर्ध्या फुटावर. खाद्याचं भांडं जड, खोलगट, फूटभर अंतरावर पाणी, आणि दोन्हींच्या जागा पक्क्या. पहिले तीन-चार दिवस दिवसातून चार वेळा चोच हळूच पाण्यात बुडवा, नाकपुड्या बुडू न देता. दाणे घालताना दरवेळी भांड्यावर तसंच टकटक करा. थोड्याच दिवसांत ती आवाजाच्या रोखाने येते. रोज रात्री पोटाळं चाचपा, रिकामं असेल तर मॅश पाण्यात कालवून हाताने भरवा. आणि भांडं हलवायची वेळ आलीच तर दिवसाला चार बोटं, त्यापेक्षा जास्त नाही.