८० मिलीच्या ग्लासात कुंदा : जानेवारी ते जून

संक्रांतीच्या आठवड्यात पहिले सहा ग्लास भरले होते. आता जून संपत आला, बेळगावच्या वडगावात पाऊस धरून बसलाय आणि फ्रिजमध्ये जांभळासाठीचे सहा ग्लास थंड होतायत. मधल्या काळातलं सगळं वहीत टिपलेलं होतं, ते इथं सलग लिहून काढतो. थरांच्या ग्लासांबद्दल आपल्या भाषेत जे मिळतं ते बहुतेक बिस्किटाचा चुरा, क्रीम आणि वर चेरी एवढ्यावरच थांबतं. मला त्या काचेत आपला कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई, उभा करायचा होता. रेष सरळ हवी, काच स्वच्छ हवी आणि चव कुंद्याचीच हवी.

या प्रकाराला फ्रेंच लोक व्हेरिन म्हणतात. व्हेर म्हणजे काच. फिलिप कोंतिसिनी या पेस्ट्री शेफनं १९९४ मध्ये तो पुढं आणला असं मानतात. ताटलीत सपाट मांडायचे पदार्थ उभ्या काचेत घातले की खाणाऱ्याला सगळे थर आधी दिसतात आणि चमचा तळापर्यंत घातला की सगळे एकदम तोंडात येतात. म्हणजे थर दिसायला वेगळे आणि खाताना एकत्र. हे डोक्यात पक्कं बसल्यावर बाकीचं सोपं गेलं.

बेळगावबाहेरच्यांसाठी कुंद्याबद्दल थोडं. दूध आटवत आटवत दाणेदार करायचं आणि साखर तांबूस होईपर्यंत परतत राहायचं. रंग आणि ती किंचित कडवट गोडी दोन्ही त्या तांबूस साखरेची. ओलसर, दाणेदार, चिकट असा पदार्थ. द्रोणात छान राहतो, काचेला मात्र लगेच फासला जातो.

जानेवारीत मी कुंदा थोडं दूध घालून मिक्सरला लावला आणि पिशवीतून पिळला. थर अगदी गुळगुळीत बसला. आईनं एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "दाणा कुठाय रे? ह्यो कुंदा न्हवं, पेढ्याचं पीठ झालंय." तिचं बरोबर होतं. दाणा गेला की कुंदा गेला. मिक्सर तिथंच बंद केला.

मग चमच्यानं दाबून बघितला. काचेवर दर वेळी ओघळ आणि बोटभर डाग. कानात घालायची कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून पुसत बसलो, एका ग्लासाला पाच मिनिटं लागली. चाळीस ग्लास असतील तर रात्र जाईल. पुसायची वेळच येऊ नये असं काहीतरी करायला हवं होतं.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर आहे, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातून आकार देतो. मालकांना विचारून ३०४ स्टेनलेस स्टीलचा एक तुकडा घेतला आणि सुट्टी झाल्यावर लेथवर एक दट्ट्या काढला. तळाला ३५.५ मिमी व्यास, वर ग्लासाच्या उतारासारखाच उतार, तोंडाला पॉलिश. घरी आणून आधी साबणानं, मग उकळत्या पाण्यात दोनदा धुतला, कारण कातताना सोडतात त्या कूलंटच्या तेलाचा वास सहज जात नाही. आता पद्धत अशी : जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद गुंडाळून नळी करतो, ती ग्लासाच्या तळापर्यंत सोडतो, तिच्यातून १६ ग्रॅम कुंदा घालतो, नळी सरळ वर काढतो आणि दट्ट्या एकदाच दाबतो. दट्ट्या गरम पाण्यात धरून कोरडा पुसलेला हवा, म्हणजे चिकटत नाही. कुंदा फ्रिजमधला नको, खोलीच्या उष्णतेचा हवा. थंड कुंदा दाबला की कडेला चिरतो. १२ मिमीचा थर, वर आरशासारखा सपाट, दाणा शाबूत. पहिला असा ग्लास बघून मी तो अर्धा तास तसाच टेबलावर ठेवला होता.

मार्चमध्ये एक गोष्ट बरेच दिवस सुटत नव्हती. प्रत्येक ग्लासात वजन करून तेवढंच मिश्रण घालत होतो, तरी ओळीत ठेवले की मधली रेष वरखाली दिसायची. शेवटी व्हर्निअर घेऊन बसलो. एकाच खोक्यातले अठ्ठेचाळीस ग्लास, तळापासून २५ मिमीवर आतला व्यास मोजला, तर कुठं ४०, कुठं ४२. साच्यातली काच अशीच येते. आता हिशोब बघा : व्यास ४० असेल तर १० मिमीच्या थराला साडेबारा मिली लागतात. तेवढंच मिश्रण ४२ च्या ग्लासात ९ मिमीच्या जरा वर थांबतं. जवळजवळ एक मिलीमीटरचा फरक. एकट्या ग्लासात तो कळत नाही, ओळीत लगेच डोळ्यात येतो. मी ग्लासांचे तीन गट केले, तळाला रंगाचे ठिपके लावले आणि प्रत्येक गटाचं वजन वेगळं ठरवलं. नीट भरण्यासाठी हात स्थिर लागतो असं सगळे सांगतात. माझा अनुभव असा की आधी ग्लास निवडावे लागतात.

मधला थर चक्क्याचा. दही रात्रभर टांगून, पिठीसाखर घालून, श्रीखंडासारखाच, फक्त वेलची कमी. घट्ट मिश्रण असेल तर पिशवीचं टोक आधी काचेला लावून कडेनं एक गोल फिरवायचा आणि मग मध्य भरायचा. मध्यातून सुरुवात केली तर कडेला हवा अडकते आणि बाहेरून भोकं दिसतात. पातळ मिश्रणाला उलटं : मध्यभागी सोडायचं, ते आपोआप पसरतं. शेवटी घडी घातलेल्या टॉवेलवर ग्लास दोनदा आपटायचा.

वरचा थर हापूसचा, चायना ग्रासवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून होणाऱ्या अगर-अगरवर धरवलेला. आमच्या घरी जिलेटिन चालत नाही आणि मला त्याची उणीव वाटली नाही. २०० मिली रसाला १.२ ग्रॅम पावडर, सोनारी काट्यावर मोजून. पावडर थोड्या पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळायलाच हवी, नुसती गरम करून विरघळत नाही. रस फ्रिजमधला असेल तर मिसळताक्षणी गाठी होतात, म्हणून तोही कोमट करून घ्यायचा.

मे महिन्यात ताईच्या मुलीचं बारसं होतं, खानापूरला. ताईनं चाळीस ग्लास मागितले. रात्री भरले, सकाळी थर्माकोलच्या खोक्यांत बर्फाच्या पिशव्यांसोबत ठेवले आणि निघालो. पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा रस्ता. पोहोचून झाकण काढलं तर निम्म्याहून जास्त ग्लासांत आंब्याची चकती तिरकी होऊन बसली होती. बोटानं हलवली तर नाण्यासारखी गरकन फिरत होती. खाली पिवळसर पाणी. पाहुण्यांनी आवडीनं खाल्ले, ताई खूश होती, मामीनं दोन ग्लास बाजूला काढून ठेवले. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कारणं दोन होती. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, ते रात्रभरात वर येतं आणि दोन थरांमध्ये पाण्याचा पापुद्रा तयार होतो. शिवाय आंब्याचा रस मी फार थंड करून ओतला होता. चायना ग्रास चाळिशीच्या खाली आला की धरायला लागतो, मग तो खालच्या थराला चिकटत नाही, नुसता वर बसतो.

चक्क्यातली साखर काढून टाकली. आता ३०० ग्रॅम चक्क्याला १०० ग्रॅम पांढरं चॉकलेट, ६० मिली गरम क्रीममध्ये वितळवून कोमट झाल्यावर घालतो. गोडी चॉकलेटची, आणि त्यातलं कोको बटर थंडीत घट्ट होऊन पाणी धरून ठेवतं. क्रीम फेटायचीच नाही, म्हणून दुकानात मिळणारी २५ टक्के स्निग्धांशाची साधी फ्रेश क्रीम चालते. आंब्याचा रस ४५ अंशांवर, चमच्याच्या पाठीवरून सोडायचा. कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं, त्यामुळं चक्क्याची वरची कातडी क्षणभर मऊ होते आणि दोन्ही थर एकमेकांना धरतात. पुढच्याच रविवारी सहा ग्लास गाडीच्या डिकीत ठेवून खानापूरला जाऊन परत आलो. सहाही जागच्या जागी.

इतर प्रयोग थोडक्यात. गोकाकचा एक सहकारी करदंट घेऊन आला होता. कन्नडमध्ये करिद अंटु, म्हणजे तळलेला डिंक, त्यावरून ते नाव. गूळ, डिंक, खोबरं, सुकामेवा. थंड झाला की दाताला फार कडक लागतो, म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढा चिरून कुंद्याच्या थरात मिसळला. त्याला एक ग्लास दिला तर चमचा चाटत म्हणाला, "भाळ छलो आगेती." फारच छान झालंय, असा त्याचा अर्थ. त्यानं आपल्याच गावच्या पदार्थाबद्दल असं म्हणावं, मला फार बरं वाटलं. मांडे, म्हणजे पातळ कुरकुरीत गोड पोळ्या, त्यांचे तुकडे मात्र ओलाव्यात दहा मिनिटांत मऊ पडतात. त्यांना पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात दिला तर तासभर कुरकुरीत राहतात. तरी मी ते वाढतानाच वर खोचतो. ग्लास तिरके ठेवून केलेले थर मी एकदाच केले. फोटोत उठून दिसतात, पण चमच्याला प्रत्येक घासात वेगळंच प्रमाण येतं, म्हणून सोडून दिले.

पावसाळ्यात एक नवं कळलं. फ्रिजमधून काढलेल्या ग्लासावर इथल्या दमट हवेत लगेच धुकं बसतं आणि सगळे थर झाकून जातात. पुसलं तर पट्टे उमटतात. ग्लास झाकणाच्या डब्यात ठेवूनच बाहेर काढायचे आणि पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. पाणी डब्यावर धरतं, काच कोरडी राहते.

आता जांभूळ. खानापूरच्या बाजूनं टोपल्या येतायत. रस काढून चक्क्यावर ओतला तर दुसऱ्या दिवशी दोन अडचणी दिसल्या : चक्क्याला लागलेला रंग करडा-निळसर झालेला, आणि तो ३ मिमी खाली झिरपलेला. रंगाला लिंबू लागतं, आंबटपणा वाढला की तो लालकडे येतो. फक्त लिंबू चायना ग्रासबरोबर उकळायचं नाही, आंबटात उकळला तर तो नीट धरत नाही. पाण्यात उकळून घ्यायचा, रस नंतर. झिरपू नये म्हणून चक्क्यावर पांढऱ्या चॉकलेटचा एक मिलीमीटरचा पापुद्रा दिला. रंग थांबला. पण आंब्याला जी पद्धत चालली ती इथं उलटली : ४५ अंशांवरचा रस तो पापुद्राच वितळवतो आणि ३८ वर ओतला तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात.

म्हणून आज रस ताटलीत ६ मिमी जाड ओतून धरायला ठेवलाय. धरला की चकत्या कापून आत सोडायच्या आणि त्यांच्याखाली कोमट जांभळाच्या रसाचा एकेक थेंब, चिकटवायला. फ्रिजमधल्या सहा ग्लासांत कुंदा, चक्का आणि पापुद्रा तयार आहे. सरळ कडीनं, म्हणजे चकती कापायच्या गोल साच्यानं, कापलेली चकती ग्लासाच्या उताराला वरून टेकत नाही, तिथं केसभर फट राहते. उद्या दुसऱ्या पाळीनंतर लेथ मोकळा आहे. दट्ट्याचाच उतार धरून कड्या काढतो, तिन्ही गटांसाठी तीन मापांच्या.