आमची वाटचाल : गेम खेळताना बंद पडणारे लॅपटॉप

कोल्हापुरात आम्ही सेवाकेंद्र सुरू केले तेव्हा कार्यालयांतील संगणकांची जोडणी करणे, प्रिंटरची कार्ट्रिज भरून देणे आणि विंडोज पुन्हा टाकून देणे एवढेच आमचे काम होते. लॅपटॉप उघडण्याची वेळ क्वचितच येई. २०१९ मध्ये जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड असलेले लॅपटॉप बाजारात आले, पुढच्याच वर्षी टाळेबंदीमुळे कॉलेज आणि करमणूक दोन्ही घरातल्या एकाच यंत्रावर येऊन पडली, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकच तक्रार घेऊन येऊ लागले : एरवी दिवसभर चालतो, पण गेम लावला की एकदम बंद होतो. आज आमच्या कामाचा मोठा वाटा या तक्रारीचाच आहे.

आमच्याकडे येईपर्यंत यांपैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पैसे खर्च केलेले असत. कोणी विंडोज दोनदा टाकून घेतलेले असे, कोणी रॅम बदललेली असे, तर कोणाला थेट मदरबोर्डची किंमत सांगितली गेलेली असे. म्हणून आम्ही एक नियम ठरवला आणि तो आजवर पाळला आहे : लॅपटॉप आमच्या टेबलावर, आमच्या डोळ्यांदेखत बंद पडल्याशिवाय आणि त्या क्षणाचे आकडे हाती आल्याशिवाय कोणताही भाग बदलायचा नाही. या तपासणीचे शुल्क आम्ही दुरुस्तीपासून वेगळे ठेवले. सुरुवातीला ते ग्राहकांच्या पचनी पडत नसे आणि काही जण लॅपटॉप परतही घेऊन जात. तरी तपासणीला मोल नसेल तर तंत्रज्ञ भाग विकण्याच्या मागे लागतो, असे आमचे ठाम मत असल्यामुळे आम्ही ते शुल्क मागे घेतले नाही.

तपासणीची सुरुवात ग्राहकाला प्रश्न विचारण्यापासून होते. निळा पडदा दिसून यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर संशय ड्रायव्हर, रॅम किंवा विंडोजकडे जातो. काहीही न दिसता पडदा काळा होऊन पंखाही थांबत असेल, तर कारण बहुधा उष्णता, वीजपुरवठा किंवा बोर्ड यांत असते. व्हॅलोरंटसारखा हलका गेम तासभर चालतो आणि सायबरपंक २०७७ सारखा जड गेम काही मिनिटांत यंत्र बंद पाडतो, असे कोणी सांगितले की आमचे निम्मे काम झालेले असते. विंडोजच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसल्यावर अनेक जण वीजपुरवठा खराब झाल्याचा निष्कर्ष काढतात. वास्तविक ती नोंद यंत्र नीट बंद झाले नाही एवढेच सांगते, ते का बंद झाले हे सांगत नाही.

उष्णतेचे प्रकरण आमच्या भागात विशेष आहे. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान आवरले नाही तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद करतो. इचलकरंजीहून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये यंत्रमागांवरच्या सुताचे बारीक तंतू पंखा आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्या यांच्यामध्ये साचून त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर झालेला आढळतो. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही. पंखा सोडवून थर हाताने काढावा लागतो, त्यानंतर प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारी, पण वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. पेस्टपेक्षाही शेजारच्या चिपांवर त्याच कामासाठी बसवलेल्या मऊ पट्ट्यांची, म्हणजे थर्मल पॅडची, जाडी सांभाळणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचे पॅड बसवले की हीटसिंक प्रोसेसरवर टेकत नाही, आणि सफाई करून आणलेला लॅपटॉप आधीपेक्षा लवकर बंद पडू लागतो.

तापमान ७५ अंशांवर असतानाच यंत्र बंद होत असेल, तर आम्ही अडॅप्टर हातात घेतो. मूळचा १८० वॉटचा अडॅप्टर बिघडल्यावर अनेक जण तशाच पिनचा आणि १९.५ व्होल्टचाच दुसरा आणतात, पण त्यावर ६.१५ अँपिअर लिहिलेले असते, म्हणजे तो जेमतेम १२० वॉटचा असतो. अभ्यासाच्या कामाला तेवढी वीज पुरते. गेममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण जोराने चालू लागले की उरलेली वीज बॅटरीतून ओढली जाते. काही लॅपटॉप अशा वेळी वेग कमी करून निभावून नेतात, तर काही, विशेषतः बॅटरी थकलेली असल्यास, तत्क्षणी बंद पडतात. अशा वेळी आम्ही पुरेशा वॉटचा मूळ अडॅप्टर लावून तोच गेम पुन्हा चालवतो आणि ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने बॅटरीचा अहवाल काढून तिची मूळची आणि उरलेली क्षमता ग्राहकासमोर ठेवतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र पुढची कोणतीही चाचणी न करता ती आधी बाहेर काढली जाते.

हे दोन्ही ठीक असेल तरच आम्ही बोर्डकडे वळतो. भार वाढल्यावर दगा देणारा मॉसफेट किंवा कपॅसिटर (बोर्डवरील वीज नियंत्रित करणारे छोटे भाग) शोधण्यासाठी मल्टिमीटरइतकाच सावकाशपणा लागतो, आणि हे काम घाईने करवून घेण्यास आम्ही नकार देतो. दुरुस्तीनंतर ग्राहकाचाच गेम सलग चालवून तापमानाची नोंद छापून दिल्याशिवाय लॅपटॉप परत केला जात नाही.

सध्या बोर्डचे काम आमच्याकडे एकच सहकारी करतात. दुसऱ्या एका तरुण तंत्रज्ञाला ते शिकवत आहेत. त्याचा हात बसेपर्यंत अशा दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो किती लागेल हे आम्ही लॅपटॉप ठेवून घेतानाच सांगतो.