पैलवान आणि लोमू

मिरजेतल्या एका डायलिसिस विभागात मी तंत्रज्ञ आहे. सुया लावायच्या, मशीन सांभाळायचं आणि चार तास पेशंटचं ऐकून घ्यायचं, हे काम.

त्या सकाळी तासगावकडचा पैलवान आला तो चार किलो वाढवून. म्हणजे चार लिटर पाणी अंगात. चोविशीतला गडी, मोडलेले कान. दंड असा भरलेला की फिस्तुलाची, म्हणजे डायलिसिससाठी धमनीला जोडून घेतलेली, शीर मांसात खोल जाते. बोटाखाली थरथर लागेपर्यंत चाचपायचं, मगच सुई. पाण्यावरून रागावलो, तर भलतंच बोलला. "सर, तालमीतली पोरं म्हणत्यात, पावडरी खाऊन किडनी घालवली. म्या पावडर बघितली बी न्हाई. एवढं शरीर असं कसं बाद हुतंय?"

आजार नेफ्रोटिक सिंड्रोमचा. लघवीवाटे प्रथिनं जाता जाता किडनी बसलेली. केसपेपरावर आहे, पण तो गावभर कोण दाखवत फिरणार?

मी मोबाइलवर १९९५ च्या रग्बी विश्वचषकाची उपांत्य फेरी लावून दिली. न्यूझीलंड-इंग्लंड. न्यूझीलंडचा वीस वर्षांचा जोना लोमू समोरच्या माइक कॅटला अंगावर घेऊन पुढं जातो, ती जागा त्यानं तीनदा मागं घेऊन बघितली. "ना ढाक, ना कलाजंग. सरळ तुडवत गेला की!" त्या सामन्यात लोमूचे चार ट्राय, म्हणजे चारदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला.

मग सांगितलं, त्याच वर्षाच्या अखेरीस लोमूला तुझाच आजार निघाला. त्यानंतरही १९९९ च्या विश्वचषकात त्यानं आठ ट्राय केले. एकूण ६३ कसोट्या, ३७ ट्राय. २००३ ला डायलिसिसवर आला, २००४ ला एका मित्रानं किडनी दिली, आणि गडी पुन्हा मैदानात उतरला, वेल्समधल्या कार्डिफकडून.

"आता कुठं असतोय?"

इथं थांबता आलं असतं. पण या पेशंटांना स्वतःचे रिपोर्ट वाचता येतात, त्यांना अर्धं सांगणं मला पटत नाही. २०११ मध्ये ती किडनी गेली, पुन्हा डायलिसिस, २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारला.

त्यानं बोटं मोजली. "म्हंजे सात वर्सं चालली. मैतराची चालती व्हय?"

चालते, पण आपल्याकडं नात्याबाहेरच्या दात्याला समितीची परवानगी लागते. आईबाप, भावंडं, बायको यांचं सोपं. तेव्हा कळलं की आई कधीची मागं लागली होती आणि हाच अडून बसला होता. कुस्ती मात्र विसर म्हणालो. नवी किडनी ओटीपोटात वरवर बसवतात, तिथं मार नको. लोमू खेळला, तो त्याचा हट्ट.

सुया काढल्या, पट्टी बांधली. जाताना काउंटरवर त्यानं आईच्या तपासण्यांची यादी लिहून घेतली आणि दारातून मलाच दम दिला, "सर, तालमीत येऊन त्या पोरास्नी ते पावडरीचं तेवढं सांगा."