जगात जर्मनी, जर्मनीत परभणी

परभणीच्या पोरीला जर्मनीत नोकरी लागली की समोरचा माणूस 'जगात जर्मनी' एवढंच म्हणून थांबतो. 'भारतात परभणी' आपण म्हणायचं असतं. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारांनीही ते माझ्याकडून म्हणून घेतलं आणि मगच चहाचा कप तोंडाला लावला.

पहिलं वर्ष म्युनिकमध्ये काढलं. शहर देखणं, पण अर्धा पगार भाड्यात आणि रोजचे दोन तास गाडीत. नंतर कंपनीने कार्ल्सरुहच्या ऑफिसात जाणार का म्हणून विचारलं. मी नकाशा उघडून पाहिलं. फ्रान्सच्या सीमेजवळ, ऱ्हाईनच्या काठी, लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे परभणीएवढंच की! मग तिथं जाऊन काय फायदा?"

प्रश्न रास्त होता. २०११च्या जनगणनेत परभणीही तीन लाखांच्या थोडी वरच होती. आमच्याकडे 'पुढे जाणं' म्हणजे नकाशावर मोठं होत जाणं: मानवतहून परभणीला, परभणीहून संभाजीनगरला, तिथून पुण्याला. पुण्यात फ्लॅट झाला की माणूस पोचला. उलट्या दिशेने कोणी जात नाही, गेलाच तर त्याचं काहीतरी बिनसलं असं लोक धरून चालतात. मी गेले. त्याला आता सहा वर्षं झाली आणि इथून हलायचं नाव काढत नाही.

का, ते मला स्वतःला नीट कळलं नाना इथे आले तेव्हा.

नाना एसटीत वाहक होते. सगळी नोकरी परभणी आगारात गेली. जिंतूर, पाथरी, गंगाखेड, मानवत हे रस्ते त्यांना खड्ड्यांसकट पाठ. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले. पहिल्या आठवड्यात त्यांना राजवाडा दाखवला, बाग दाखवली, बाजारचौकातला लाल दगडाचा पिरॅमिड दाखवला. शहर वसवणारा कार्ल विल्हेल्म त्याच्याखाली पुरलेला आहे. नाना "बरं" म्हणाले. मग एका शनिवारी मी त्यांना ट्रामने ब्रेटनला नेलं आणि त्या दिवसापासून त्यांना या शहराचं वेडच लागलं.

ब्रेटन हे मानवतएवढं गाव, अंतरही परभणी-मानवत इतकंच म्हणा. बाजारचौकात जमिनीखालच्या स्टेशनात उतरलो, पिवळी-लाल ट्राम आली, बसलो. बोगद्यातून वर येऊन गाडी रस्त्यावरून चालायला लागली. बेकरी, दवाखाना, सिग्नलला थांबलेले सायकलवाले, सगळं खिडकीला खेटून. दुरलाख या उपनगराच्या पुढे गेल्यावर एका जागी डब्यातली घरघर एकदम थांबली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद पडली का काय?" तेवढ्यात घरघर पुन्हा सुरू झाली आणि गाडीने जो वेग घेतला, तो ट्रामचा नव्हताच. शेजारच्या रुळावरून लांब पल्ल्याची रेल्वे धाडधाड निघून गेली. आमची सिटी ट्राम रेल्वेच्या मुख्य मार्गावर चढली होती.

त्या घरघरीत सगळी गोम आहे. शहरातल्या तारेत ७५० व्होल्टची डीसी वीज, रेल्वेच्या तारेत १५,००० व्होल्टची एसी. दोन्हींवर चालणारी गाडी बनवली, दोन रुळांमध्ये जोड टाकला आणि १९९२ साली ब्रेटनची पहिली ट्राम सोडली. डीटर लुडविग नावाचे इथल्या वाहतूक संस्थेचे प्रमुख होते, त्यांनी हे तडीस नेलं. आज जगभरातले वाहतूकवाले याला 'कार्ल्सरुह मॉडेल' म्हणतात.

ते का करावं लागलं, हे तर परभणीकराला लगेच कळावं. कार्ल्सरुहचं मुख्य स्टेशन १९१३ साली गावाच्या मध्यापासून उचलून दक्षिणेला नेलं. म्हणजे खेड्यातून रेल्वेने आलेला माणूस स्टेशनवर उतरणार, तिथे ट्रामची वाट बघणार, मग बाजारात पोचणार. त्यापेक्षा तो मोटारच काढायचा. आमच्या मानवत रोडचं वेगळं काय आहे? स्टेशनाच्या नावात 'रोड' असलं की समजायचं, गाव अजून लांब आहे.

"म्हणजे सिटीबस आणि एसटी एकच केली यांनी," नाना म्हणाले. पुढे बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "पण तिकीट कोण फाडतं?"

कोणी नाही, हे त्यांना पटेना. अधूनमधून तपासनीस चढतात, विनातिकीट सापडला तर साठ युरो दंड. मी तर पासवर फिरते. २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेला हा पास आता बराच महागलाय, पण देशभरच्या ट्राम, बस आणि साध्या रेल्वेगाड्यांना चालतो. त्या दिवशी नानांनी डब्यातली माणसं मोजली, सवयीने. ब्रेटन येईपर्यंत आकडा अठ्ठेचाळीसवर गेला होता. "वाहक पाहिजे होता," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते एकटेच निघायचे. जर्मनचा एक शब्द येत नसताना पास खिशात, डबा पिशवीत. एस-आठ नंबरची ट्राम पकडली की मुर्ग नदीच्या खोऱ्यातून थेट ब्लॅक फॉरेस्टमध्ये फ्रॉयडेनश्टाटपर्यंत. संध्याकाळी घरी येऊन रिपोर्ट द्यायचे, कुठली गाडी किती मिनिटं लेट. जर्मनीत गाड्या वेळेवर असतात हा गैरसमज त्यांच्या वहीने कायमचा मिटवला.

आता मला वाटतं ते असं. मध्यम शहराची सगळी मजा ते मध्यम राहण्यात आहे, आणि मध्यम राहायचं तर आजूबाजूची गावं गावंच राहिली पाहिजेत. माझी ऑफिसातली मैत्रीण ब्रेटनच्या पुढच्या खेड्यात राहते. अंगणात चेरीचं झाड आहे, आईवडील शेजारच्या घरात. तिला शहरात फ्लॅट घ्यायची गरजच पडली नाही. आमच्याकडे मानवतच्या पोराला परभणीत खोली करावी लागते, परभणीच्या पोराला पुण्यात, आणि पुणं फुगत जातं.

दुसरी गोष्ट कामाची. जर्मनांनी मोठ्या कचेऱ्या एका गावात ढीग लावून ठेवलेल्या नाहीत. घटना न्यायालय १९५१ पासून इथे, कार्ल्सरुहमध्ये. राजवाड्याशेजारी काचेच्या बसक्या इमारती आहेत, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते कॉलेजचं ग्रंथालय वाटलं होतं. सर्वोच्च कामगार न्यायालय एरफुर्टला, समाजकल्याणाच्या खटल्यांचं कासेलला, प्रशासकीय लाइपझिगला. मोटारींची नोंद ठेवणारी केंद्रीय कचेरी पार उत्तरेला फ्लेन्सबुर्गमध्ये. 'कार्ल्सरुहला जाईन' असं जर्मन माणूस तावातावाने म्हणाला तर तो घटना न्यायालयात दाद मागणार असतो. मराठवाड्यात 'खंडपीठात जातो' म्हणतात, तसंच. तीन लाखांच्या गावाचं नाव रोज देशाच्या बातम्यांत येतं, त्यामुळे इथल्या माणसाला आपण मागे राहिलो असं कधी वाटत नाही.

परभणीतही असं एक आहे, आणि ते आम्हीच विसरतो. १९७२ पासूनचं कृषी विद्यापीठ. खरिपाआधी बियाणं घ्यायला गावोगावचे शेतकरी तिथे लोटतात. तेवढ्यापुरतं सगळ्यांना परभणीला यावं लागतं, ती कोणाला 'पुढच्या वाटेवरची' वाटत नाही. अशी आणखी दोन-चार कारणं असती तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली आज हिंजवडीत नसत्या. मीही इथे नसते कदाचित.

सगळं गोड आहे असं समजू नका. या शहराला जर्मन लोक पंख्याचं शहर म्हणतात. १७१५ मध्ये राजवाडा मध्यभागी ठेवून बत्तीस रेषा आखल्या, त्यांतल्या नऊ दक्षिणेकडे रस्ते होऊन गावात आल्या आणि बाकीच्या मागच्या जंगलात शिरल्या. वरून पाहिलं तर उघडलेला हातपंखा. म्हणूनच तर बाजारातून सायकल काढली की दहा मिनिटांत जंगल लागतं. पण पंख्याच्या या शहरात घरात पंखा नसतो! आणि हे जर्मनीतल्या सगळ्यात तापणाऱ्या गावांपैकी एक. २००३च्या ऑगस्टमध्ये इथे ४०.२ अंश नोंदले गेले होते. तुम्ही हसाल, मेमधल्या परभणीपुढे चाळीस म्हणजे श्रावण. पण ऊब धरून ठेवायला बांधलेल्या घरात, छताला हूक नसलेल्या खोलीत, ते चाळीस भोगून बघा. पंचेचाळीसात राहिलेले नाना जुलैत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाथरूमच्या फरशीवर बसले होते.

शिवाय गाव कंटाळवाणं आहे, हे इथलेच लोक सांगतात. सरकारी नोकरांचं गाव म्हणतात. कार्ल्सरुह म्हणजे 'कार्लचा विसावा'. आमच्याकडे निवृत्त मास्तरांच्या बंगल्यावर असते तशी पाटी पुऱ्या शहराला लागली आहे. रात्री नऊला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, रविवारी दुकानं बंद. ट्रामचा तो बोगदा बांधायला २०१०ला मुख्य रस्ता खोदला तो २०२१च्या डिसेंबरात मोकळा झाला, खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. मी आले तेव्हा पत्र्यांच्या कुंपणांमधून वाट काढत चालावं लागायचं. म्हटलं, चला, घरच्यासारखं वाटतंय. आणि भाड्याचं घर मिळायला सहा महिने लागले. एका घरमालकाने 'तुम्ही लोक स्वयंपाकात फार मसाला वापरता' म्हणून तोंडावर नाही सांगितलं. ते शहराच्या आकाराने सुटत नाही.

पण माझा सात वर्षांचा मुलगा सकाळी पाठीवर दप्तर टाकून शेजारच्या दोन पोरांबरोबर शाळेत चालत जातो, मोठं माणूस सोबत नसतं. बेकरीतली बाई त्याला नावाने ओळखते. दाताचा डॉक्टर, ग्रंथालय, तलाव, माझं ऑफिस, सगळं सायकलच्या वीस मिनिटांत. सायकलीचा पूर्वज बनवणारा कार्ल ड्राइस याच गावचा, त्यामुळे सायकलवाल्यांचा इथे जरा जास्तच तोरा असतो.

नव्वद दिवस संपले. निघायच्या आदल्या दिवशी नाना पुन्हा एकदा ब्रेटनला जाऊन आले, वही घेऊन. परभणीला पोचल्यावर स्टँडवर जुन्या मंडळींना चहा पाजून सगळं सांगितलं म्हणे, दोन तारांची वीज आणि बिनवाहकाची गाडी. कोणाचा विश्वास बसला नाही. परवा फोन केला तेव्हा आधी नातवाची चौकशी झाली, मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "का ग माय, ती आपली दहा-वीसची गाडी, टायमावर सुटती का आता?"